हात पोचेना

लालासाहेबाची लॉरी तशी बिघडलेली नव्हतीच. एक नट तेवढा ढिला झाला होता. पण तो नट होता अशा जागी, की माणसाचा हात तिथं पोचावा असं लॉरी घडवणाऱ्या त्या परदेशी शहाण्याच्या मनात कधी आलंच नसावं.

लॉरी मिलिटरीची. लढाई संपली, सरकारनं जुन्या गाड्यांचे ढीग विकायला काढले, आणि लालासाहेबानं थोरल्या भावाचं डोकं खाऊन खाऊन त्यातली एक घरी आणली. चपट्या नाकाची. बाकीच्या लॉऱ्यांचं इंजन पुढं झाकणाखाली असतं, हिचं आत, दोन बैठकांच्या मधे, पत्र्याच्या पेटीत. पेटी उघडली की इंजनाचा माथा दिसायचा, पुढचं सगळं अंधारात. पेट्रोल ओढणारा पंप पार तळाला, एका कुशीला, सांगाड्याच्या लोखंडी पट्टीआड. वरून हात घालावा तर स्टेरिंगचा दांडा आडवा, खालून घालावा तर तेलाचं भांडं आडवं. मधे एक फट. पंपाला येणाऱ्या नळीचा पितळी नट हादऱ्यानं ढिला झाला की नळी हवा ओढायची, आणि लॉरी दोनदा खोकून गप्प बसायची.

तशी ती अंगणात गप्प बसली होती, ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत. मळ्यात चरक फिरत होता, काहील उतरत होती, ढेपा खोपीत साचत चालल्या होत्या. सांगलीच्या पेठेत गूळ न्यायचा तर लॉरीनंच न्यायचा, कारण गाडीची बैलजोडी हंबीररावानं लॉरीपायीच विकून टाकली होती. हंबीरराव थोरला भाऊ. बाप गेल्यापासून घराचा कारभार त्याच्याकडं. बैल नेणारा माणूस आला तेव्हा हा मळ्यात जाऊन बसला होता, कासरा दुसऱ्याच्या हातात देताना बघवणार नाही म्हणून.

आता लालासाहेब मिलिटरीत ड्रायव्हर होता, हे खरं. ब्रह्मदेशाच्या चिखलात त्यानं लॉऱ्या हाकल्या, तेही खरं. पण गावात आल्यावर त्याची जीभ ड्रायव्हरीवर थांबली नाही. पारावर बसून त्यानं सांगितलं की आख्खं इंजन डोळे झाकून उतरवायचं आणि डोळे झाकून बसवायचं, हे आमचं रोजचं काम. खाकी टोपी तिरकी करून सांगितलं. लोकांनी विडी पुढं केली, त्यानं ती घेतली. खरी गोष्ट अशी, की लॉरी बिघडली की तिथं वर्कशॉपचे फिटर यायचे. लालासाहेबानं फार तर त्यांच्यासाठी बत्ती धरली असेल.

तेव्हा तो रोज सकाळी अंगणात उताणा पडायचा. शेणानं सारवलेल्या भुईवर पोतं टाकून, पाय बाहेर, धड आत. त्याचा हात म्हणजे तालमीत कमावलेला, दंड मांडीएवढा. फटीत मनगट जायचं, त्याच्या पुढं कोपराखालचं मांस अडायचं. बोटांची टोकं नटाला लागायची, फिरवता यायची नाहीत. एवढंसं अंतर राहायचं, आणि त्या एवढ्याशा अंतरापायी माणसाला रडू येईल. डोळ्यांत माती पडायची, नळीतलं पेट्रोल काखेत ओघळायचं आणि आग आग व्हायची. पाना हातातून निसटला की कुठल्या तरी कप्प्यात जाऊन बसायचा, आणि तो शोधण्यातच सकाळ जायची. वरून हात घालून बघितला, उलटा पडून बघितला, पुढचं चाक काढून बघितलं. सोलून निघालेला हात घेऊन तो बाहेर यायचा तेव्हा दारात कुणी ना कुणी उभं असायचंच.

बहुतेक वेळा गुंडा असायचा. हा गुंडा गाडीवान, गावाचा गूळ पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच बैलगाड्यांनी जायचा. लॉरी आली तेव्हा आपला धंदा बुडाला असंच त्याला वाटलं होतं. आता तो येता-जाता निवांत उभा राहून तंबाखू मळत विचारायचा, "लालासाब, बैल जुपू का फुडं?"

आईचं, राहीबाईचं वेगळंच. ती लॉरीकडं न बघता बोलायची. बैलं बरी होती, चारा टाकला की उठत होती, एवढंच म्हणायची आणि आत जायची. हंबीरराव काही म्हणायचा नाही. सकाळी गुमान येऊन हँडल मारायचा. हँडल उलटं झटका द्यायचं, तो मनगट धरून बाजूला व्हायचा, आणि परत मारायचा. भावाचं ते न बोलणं लालासाहेबाला शिव्यांपेक्षा जड जायचं.

त्यात त्यानं एक घाण करून ठेवली. नळीचा नट आधी बोटांनी बसवावा लागतो. दोन-तीन आटे बोटांनी सरळ बसले, की मग पाना. बोटं पोचेनात म्हणून त्यानं नट पान्याच्या तोंडात धरला आणि रेटला. नट वाकडा बसला. त्यानं चिडून आणखी जोर दिला. काढून बघतो तर आतले आटे खाल्लेले. पितळ ते, मऊ. त्यानं नट चड्डीला पुसला, मुठीत दाबला, आणि समोर उभ्या भावाला सांगितलं की कंपनीचाच माल खराब आहे.

"माधवनगरास्नं मिस्त्री आनू," हंबीरराव म्हणाला. "गिरनीत एकजन हाय म्हनं, लॉऱ्या बगतो."

"मिस्त्रीच आनायचा तर म्या कशाला हाय?"

हंबीररावानं त्याच्याकडं बघितलं. मग हँडल भिंतीला टेकवून ठेवलं आणि मळ्याची वाट धरली.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. सगळी गुऱ्हाळावर. अंजना, लालासाहेबाची बायको, तेवढी त्याच्यासाठी भाकरी घेऊन मागं आली होती. तो लढाईवर गेला तेव्हा ती नवी नवरी होती. परत आला तोवर भांगलण, खुरपण, मोटेची पाळी, सगळं करून वाळून काटक झाली होती. तिनं भाकरीचं टोपलं ओट्यावर ठेवलं. लालासाहेब लॉरीखालून म्हणाला, पाना पडलाय, तिकडच्या अंगाला दिसतोय का बघ.

तिनं वाकून बघितलं. पदर खोचला, गुडघ्यावर बसली, हात घातला आणि पाना काढून त्याच्या हातात दिला.

तो बघतच राहिला. ज्या पट्टीमागं त्याचा हात चेपत होता, तिथून हिचा हात नुसता आत जाऊन बाहेर आला होता. आधी त्याला राग आला. आनंद मागून आला, आणि त्याच्याही मागून लाज. त्यानं दाराकडं बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"अंजना, हितं यं. असं उतानं पडून हात घालायचा. म्या सांगतो तसं."

"म्या?" ती म्हणाली. "लॉरीखाली?"

"कुनी न्हाई आता. लवकर कर."

ती पोत्यावर आडवी झाली. नऊवारीचा काष्टा आवळून घेतला, डोळे मिटून हात आत सरकवला. पान्यापेक्षा नट खोल होता; तिथवर हात जाईना, कारण बांगड्या. कासारानं चेपून भरलेल्या हिरव्या बांगड्या पट्टीला अडून बसल्या. ती म्हणाली, साबण लावून काढते की. साबणाचा तुकडा लालासाहेबाच्या खिशातच होता. खाल्लेल्या आट्यांवर साबण लावलेला सुताचा दोरा गुंडाळला की पेट्रोल गळत नाही, एवढी एक गोष्ट तो मिलिटरीत खरोखर शिकला होता. पण गुऱ्हाळावरून कुणी परतेल अशी त्याला भीती होती. तो म्हणाला, आता कुठं काढत बसतेस, घाल तसाच चेपून.

तिनं चेपून घातला. दोन बांगड्या तडकल्या. फुटल्या असं बाई म्हणत नाही. "वाढल्या," ती हळूच म्हणाली आणि हात मागं घेतला. मनगटावर रक्ताची रेघ आली होती. ती उठून आत गेली, देवळीतला हळदीचा दोरा आणून तिनं मनगटाला बांधला. सवाशिणीचा हात मोकळा राहू नये म्हणून. आणि मग उरलेल्या बांगड्या तिनं जोत्याच्या दगडावर टेकवून वाढवल्या. नवरा समोर धडधाकट उभा असताना बाई दगडावर बांगड्या टेकवते, हे बघून लालासाहेबाच्या अंगावर काटा आला. तरी त्यानं दोरा-साबण काढून नट तयार केला आणि तिच्या बोटांत दिला.

ती परत आत शिरली. तो पलीकडून डोकं घालून सांगू लागला, जरा डावीकडं, तिथं खाच लागंल, आता वर. ती म्हणाली, गप ऱ्हावा जरा. तो गप्प राहिला. ती डोळे मिटून, अंधारात सुई ओवावी तशी चाचपत होती. ओठ दाताखाली धरलेला. नट पहिल्यांदा निसटला, तो तिनं झेलला. मग बसला, फिरला, सरळ फिरला. पान्यानं आवळायचं काम लांबलं. दर वेळी इवलासा फेर, आणि दर फेराला तिचा दंड पट्टीच्या कडेवर घासायचा. ती बाहेर आली तेव्हा हात मनगटापासून दंडापर्यंत सोलला होता आणि काळानिळा पडत होता.

लालासाहेबानं हँडल मारलं. लॉरी एकदा खोकली आणि धडधडू लागली. त्या आवाजानं झाडावरचे कावळे उठले.

आता माणसं येणार होती. तो बायकोजवळ आला. रांजणातल्या पाण्यानं ती हात धूत होती. बारा महिन्यांत कधी बोलला नसेल इतक्या घाईनं तो बोलला.

"कुनाला सांगायचं न्हाई. माज्या गळ्याची आन हाय तुला."

तिनं ओल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारले, त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली. बांगड्यांचे तुकडे पदरात गोळा करून ती आत गेली. तोवर दारात माणसं जमली होती. हंबीरराव मळ्यातून धावत आला, धापा टाकत, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. त्यानं लालासाहेबाच्या पाठीवर थाप मारली आणि जमलेल्यांना सांगितलं की मिलिटरीचा माणूस आहे, उगीच नाही. लालासाहेबानं खाकी टोपी डोक्यावर नीट केली. पाठीवर ती थाप कुठं पडली तेवढी जागा त्याला बराच वेळ कळत राहिली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर शेजारच्या चंद्राबाईनं अंजनाचा हात बघितला. बांगडी नाही, नुसता पिवळा दोरा, आणि वरपर्यंत काळेनिळे वळ. तिनं विचारलं. अंजनानं घागर उचलली. बाई गप्प बसली की उरलेलं बायका आपणच पुरं करतात. लॉरी चालू होईना म्हणून लाल्यानं बायकोला धरून मारली, दगडावर हात आपटून बांगड्या फोडल्या, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला ठाऊक झालं.

लालासाहेबाच्या कानांवर ते गुंडाकडून आलं. पाराजवळ तो आडवा आला. या वेळी तंबाखू मळत नव्हता.

"लोखंडाचा राग बायकूवर काढत्यात व्हय, गड्या?"

लालासाहेबाच्या तोंडाशी आलं होतं, की मी बोट लावलं नाही. पण मग पुढचा प्रश्न येणार, हात कशानं सोलला? आणि त्याचं उत्तर दिलं की पारावरच्या त्या सगळ्या गोष्टी, इंजन उतरवणं आणि बसवणं, बायकोच्या बांगड्यांबरोबर मातीत. 

"आमच्या घरातलं हाय ते," तो म्हणाला.

म्हणजे कबूलच केलं. पारावरच्या एक-दोघांनी खाली बघितलं, एकानं तर समजूतदारपणे मान हलवली, असतं असं, अशी. ती मान बघून लालासाहेबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोला मारणारा म्हणून चाललं त्याला, बायकोच्या हातानं लॉरी चालू करणारा म्हणून चालेना. असल्या माणसाला काय म्हणावं? घरी जाईपर्यंत तो स्वतःला तेच विचारत होता.

घरी राहीबाईनं ताट पुढं सरकवलं, हातानं नव्हे, पायानं. "तुज्या बानं माज्यावर कवा हात टाकला न्हाई," ती म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली. हंबीररावानं त्याच्याशी बोलणंच टाकलं. लालासाहेब ताट तसंच ठेवून उठला.

गोठ्यात धार काढताना अंजना तेवढी त्याला म्हणाली, "आन सोडवा. म्या सांगते समद्यांस्नी."

"जाऊंदे चार दिस. इसरत्यात लोक."

ती धार काढत राहिली. कासंडीत दुधाचा आवाज येत राहिला. तिनं परत विचारलं नाही.

लोक विसरले नाहीत. उलट गोष्ट चालत चालत सांगलीच्या वाटेवरच्या तिच्या माहेरी पोचली, आणि एके सकाळी तिचा बाप नाथाजी काठी टेकत दारात उभा राहिला. थकलेला माणूस, पटका धुवट, कधी कुणाला वाकडं न बोलणारा. राहीबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तांब्याला हात लावून नमस्कार केला आणि तो बाजूला सरकवला. घरात सगळ्यांना कळलं. लेकीच्या सासरचं पाणी त्यानं नाकारलं होतं.

तो लेकीला न्यायला आलाय हे ओळखून राहीबाईनं कासार बोलावून घेतला. मोकळ्या हातानं सून माहेरी गेली तर तिथल्या बायका काय समजतील? सोललेल्या हातावरून कासारानं जपून हिरव्या बांगड्या चढवल्या. अंजनानं एकदाही हाय केलं नाही. मग नाथाजीनं तिला समोर बसवून घेतलं.

"अंजे, हात कशानं झाला?"

"त्यांनी न्हाई मारलं, आबा."

"मंग कशानं?"

तिनं पदराआडून नवऱ्याकडं बघितलं. लालासाहेब दाराच्या चौकटीला धरून उभा होता. एक शब्द बोलायचा होता त्यानं, आन सुटली, एवढाच. शेजारच्या बायका कुडाआड उभ्या होत्या. हंबीरराव मान खाली घालून बसला होता. लालासाहेबानं चौकटीवरचं एक कुसळ उपसलं.

"बरं," नाथाजी म्हणाला.  लेकीला घेऊन जातो, एवढं सांगितलं. हंबीररावानं हात जोडले. लॉरी तेव्हा ढेपांनी भरून उभीच होती, सांगलीला निघायची होती. म्हातारा माणूस चालत कुठं जाईल म्हणून हंबीररावानंच दोघांना लॉरीत बसवलं. नाथाजी पुढं, अंजना मागं ढेपांवर, मांडीवर बोचकं घेऊन.

मधली इंजनाची पेटी तापली होती. तिच्या एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला सासरा. लॉरी वेशीबाहेर पडली, पांदीतून मोठ्या रस्त्याला लागली. पुढं गुंडाच्या गाड्या चालल्या होत्या, दुसऱ्या कुणाचा गूळ घेऊन. लालासाहेबानं हॉर्न वाजवून त्या मागं टाकल्या. एरवी त्यानं मान बाहेर काढून बघितलं असतं. आज बघितलं नाही.

"पावनं," नाथाजी म्हणाला, लॉरीच्या आवाजावरून ऐकू जावं म्हणून मोठ्यानं. "तिचं काय चुकलं असंल तर मला निरोप द्याचा हुता. म्या येऊन समजावलं असतं. न्हाईच पटली तर घिऊन गेलो असतो. मारायचं कशापायी?"

 लालासाहेबाला वाटलं आता बोलावं. तेवढ्यात ओढ्याचा चढ आला. लॉरी निम्म्या चढावर खोकली. परत खोकली, आणि गप्प झाली.

त्यानं ब्रेक लावला, चाकामागं दगड लावले आणि लॉरीखाली शिरला. तोच नट. खाल्लेले आटे, दोऱ्यानं किती दिवस धरणार? त्यानं हात घातला. बोटं नटाला लागली, फिरेनात. सोललेलं कातडं परत सोललं. त्यानं खांदा मोडेस्तोवर जोर लावला, ते एवढंसं अंतर काही कमी झालं नाही. तो तोंड मातीत घालून तसाच पडून राहिला. नाथाजी खाली उतरून रस्त्याकडेला उभा होता. अंजनाही उतरली होती. तिचे पाय त्याला दिसत होते, टाचांच्या भेगा, पायांतली जोडवी. ते पाय जवळ आले नाहीत. लांबही गेले नाहीत.

ओढ्याच्या अल्याड घुंगरं वाजू लागली. गुंडाच्या गाड्या येत होत्या. लालासाहेब बाहेर आला.

अंजना त्याच्याजवळ आली आणि बापाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "गाड्या जाऊंद्यात का फुडं? मागनं करू."

म्हणजे हिला त्याची लाज अजून राखायची होती. बापाच्या देखत, मारलेली बायको म्हणून उभं राहून. आणि तिच्याकडून ती राखून घ्यायला तो इतके दिवस तयार होता. लालासाहेबाला वाटलं, या ओढ्यात आपल्याला कुणी बुडवावं. त्यानं खिशातला साबण काढला.

"न्हाई," तो म्हणाला. "आताच. हात दे."

तो रस्त्यातच खाली बसला. लॉरीच्या डब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन साबण भिजवला आणि तिच्या हाताला लावला, सोललेल्या जागा वाचवत. एकेक बांगडी फिरवून, दाबून, हळूच उतरवू लागला. नाथाजी पुढं आला, हे काय चाललंय म्हणून. गाड्याही येऊन ठेपल्या. लॉरीच्या बाजूनं वाट होती, तरी कुणी पुढं गेलं नाही. गुंडा गाडीवरून खाली उतरला. मागच्या गाड्यांवरची माणसं उठून बघू लागली. सवाशिणीच्या हातातल्या बांगड्या नवरा भर रस्त्यात काढतोय, असलं कुणी कधी बघितलं नव्हतं. बांगड्या ठेवायला जागा नव्हती. लालासाहेबानं डोक्यावरची खाकी टोपी काढली, उलटी केली, आणि तिच्यात एकेक ठेवत गेला.

"लालासाब, काय रं हे?" गुंडा म्हणाला.

लालासाहेब उभा राहिला. टोपी त्याच्या दोन्ही हातांत होती.

"त्या दिवशी लॉरी म्या चालू केली न्हाई. हिनं केली. माजा हात पोचत न्हाई तितं, हिचा पोचतो. बांगड्या तितंच वाढल्या, हात तितंच सोलला. साबन माज्या खिशात हुता, तरी म्या काडू दिल्या न्हाईत." मग तो सासऱ्याकडं वळला, पण वर बघणं त्याला जमलं नाही. "म्या तिला आन घातली हुती, मामा. म्हनून बोलली न्हाई."

मागच्या गाडीवर कुणीतरी फिसकन हसलं. गुंडानं वळून बघितलं तसं ते थांबलं. गुंडानं आपल्या गाडीतलं पोतं ओढलं, झटकलं आणि लॉरीखाली अंथरलं.

अंजना खाली वाकली, मग थांबली.

"आन?" तिनं विचारलं.

"सुटली," लालासाहेब म्हणाला.

ती आत शिरली. लालासाहेबानं साबणाचा दोरा नव्यानं वळून दिला. नाथाजी काठीवर भार देऊन खाली वाकला आणि लोखंडाच्या कडेवर घासणारा लेकीचा हात बघत राहिला. एकदा म्हणाला, बाय, जपून. सगळा रस्ता थांबला होता, बैल तेवढे मान हलवत होते. ती बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं लॉरीतल्या डब्याकडं बोट केलं आणि पाणी मागितलं. लालासाहेबानं झाकणात ओतून दिलं. नाथाजी ते बसून प्याला.

तरी लेकीला न्यायचं ते त्यानं नेलंच. नाथाजीच्या गावाच्या फाट्यावर लॉरी थांबली, बापलेक उतरले. लालासाहेब टोपी घेऊन मागोमाग उतरला आणि बांगड्या पुढं केल्या. अंजनानं टोपीत बघितलं. मनगटाला नुसता पिवळा दोरा होता, तोही काळा पडलेला.

"ऱ्हाऊंद्यात तुमच्यापाशी," ती म्हणाली. "न्याला येचाल तवा आना. घरी थोरल्या दादांच्या, आत्तींच्या, समद्यांच्या म्होरं सांगा आन् मग भरा. हितं मला कुनी इचारलं तर म्या सांगनार. आता आन न्हाई."

एवढं ती लग्न झाल्यापासून एका दमात कधी बोलली नव्हती. बोचकं काखेत घेऊन ती बापामागून पाऊलवाटेनं गेली, आणि मागं वळून बघितलं नाही. लालासाहेब वाट रिकामी होईपर्यंत उभा राहिला. त्याला ती रस्त्यातली माणसं आठवत नव्हती, गोठ्यातली धार आठवत होती, आणि चार दिस जाऊंदे म्हणणारा आपलाच आवाज.

त्यानं टोपी इंजनाच्या पेटीवर ठेवली आणि निघाला. सांगलीपर्यंत सगळ्या खडबडीत वाटेनं बांगड्या वाजत राहिल्या. फडक्यात गुंडाळल्या असत्या तर आवाज थांबला असता. त्यानं गुंडाळल्या नाहीत. दर हादऱ्याला त्याचा जीव नटापाशी जायचा, आता सुटला तर काय? नट धरून राहिला.

पेठेत ढेपा उतरवायला हमाल वर चढला. बोडक्या डोक्याचा ड्रायव्हर आणि शेजारी बांगड्यांनी भरलेली मिलिटरीची टोपी बघून त्याला गंमत वाटली. कुनाच्या वं ह्या, त्यानं हसत विचारलं.

"मिस्त्रीच्या," लालासाहेब म्हणाला, आणि मागचा फाळका उघडायला खाली उतरला.